पोर्टलंडच्या नॉर्थ एंडमध्ये: थॉर्न्सचा सामना बघायला जाणाऱ्यांसाठी

अमेरिकेत महिला फुटबॉलचा सामना नेमका कुठे बघावा, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून ऑरेगन राज्यातलं पोर्टलंड सांगेन. थॉर्न्स हा तिथला महिलांचा संघ. लॉस एंजेलिसला मालकांच्या यादीत हॉलिवूड दिसेल, कॅन्सस सिटीला नवंकोरं मैदान दिसेल. प्रेक्षक बघायचे असतील तर मात्र ऑरेगन गाठावं. माझा दादा हिल्सबरोला राहतो (इंटेलच्या कृपेने त्या भागात मराठी घरांना तोटा नाही), त्यामुळे राहण्याची सोय आयतीच होती. दादाला क्रिकेटपलीकडे काही दिसत नाही, म्हणून मी, वहिनी आणि फुटबॉल खेळणारी भाची अशा तिघी निघालो.

गाडी घेऊन जाऊ नका. प्रॉव्हिडन्स पार्क हे मैदान भर शहरात आहे आणि पार्किंग शोधण्यात पहिला हाफ निघून जाईल. मॅक्स नावाची लोकल थेट मैदानाच्या दारात सोडते. स्टेशनचं नावही प्रॉव्हिडन्स पार्कच. हिल्सबरोहून ब्लू लाइन, विमानतळावरून रेड लाइन. मी गेले तेव्हा अडीच तासांचं तिकीट २.८० डॉलर होतं आणि दिवसभराची कमाल मर्यादा ५.६०. सामना धरून अडीच तासांत परत येणं शक्य नसतं, म्हणून जाताना जे कार्ड टॅप कराल तेच येतानाही वापरा, म्हणजे मर्यादेच्या वर पैसे कापले जात नाहीत. वाटेत वॉशिंग्टन पार्क स्टेशन लागतं, ते जमिनीखाली तब्बल २६० फुटांवर आहे. लहान मुलं बरोबर असतील तर उतरून लिफ्टने वर जाऊन येण्याइतका वेळ हाताशी ठेवा.

बीव्हरटननंतर थॉर्न्सच्या लाल जर्स्यांनी डबा भरायला लागला. आमच्या समोर सत्तरीच्या एक आजी बसल्या होत्या. अंगात थॉर्न्सची जुनी खेळाडू सिंक्लेअर हिची १२ नंबरची जर्सी, गळ्यातल्या स्कार्फवर इतक्या पिना की मूळ कापड शोधावं लागावं. भाचीने एकेका पिनेबद्दल विचारायला सुरुवात केली आणि आजींनी हंगामागून हंगाम उलगडायला. २०१३चं विजेतेपद, २०१७चं, २०२२चं. शेवटी एक पिन काढून त्यांनी पोरीच्या टोपीला लावली. वहिनी संकोचल्या, पण तिकडे चाहत्यांमध्ये पिनांची अशी देवघेव चालतेच.

हे वेड एका रात्रीत लागलेलं नाही. एनडब्ल्यूएसएल ही अमेरिकेतली महिलांची व्यावसायिक लीग २०१३ साली सुरू झाली, तेव्हा थॉर्न्सच्या घरच्या पहिल्याच सामन्याला १६,४७९ लोक आले होते. लीगमधले बाकीचे बरेच संघ तेव्हा दोन-चार हजारांवर समाधान मानत होते. शहराला सवय आधीपासून होती. पोर्टलंड विद्यापीठाच्या मुलींनी २००२ आणि २००५ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, आणि त्या दोन्ही संघांत कॅनडाची क्रिस्टीन सिंक्लेअर होती. तीच पुढे २०१३पासून २०२४मध्ये निवृत्त होईपर्यंत थॉर्न्सकडून खेळली. आंतरराष्ट्रीय सामन्यांत १९० गोल. पुरुष धरले तरी इतके कुणाचेच नव्हते तेव्हा तिने हा आकडा गाठला. म्हणजे कॉलेजात असताना जिला पाहिलं, तिलाच लोक वीस वर्षांनंतरही पाहत होते. दुसरं कारण व्यवहाराचं आहे. याच शहरातल्या पुरुषांच्या टिंबर्स संघाचं मैदान, तिकीटखिडकी, जाहिरातीचं बळ हे सगळं मुलींच्या संघाला पहिल्या दिवसापासून मिळालं. कुठल्या तरी शाळेच्या मैदानावर त्यांची बोळवण झाली नाही. माझ्या मते निम्मी गर्दी इथेच ठरली.

मैदान १९२६चं आहे आणि रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली, खड्ड्यात बसल्यासारखं. दक्षिणेला एका जुन्या क्लबची इमारत आहे, तिथले सभासद बाल्कनीतून फुकटात सामना बघतात. हिरवळ कृत्रिम आहे. २०१९मध्ये पूर्वेचा स्टँड उंच केला आणि क्षमता २५,२१८ झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध ती शेवटच्या खुर्चीपर्यंत भरली.

आता मुद्द्याचं: कुठे बसायचं? खरं तर कुठे उभं राहायचं. उत्तरेकडच्या गोलमागचा भाग, म्हणजे नॉर्थ एंड, हा रोझ सिटी रिव्हेटर्स या पाठीराख्यांचा. दुसऱ्या महायुद्धात इथल्या जहाजकारखान्यांत बायका वेल्डिंग करायच्या, रिव्हेट ठोकायच्या, ती परंपरा त्यांनी नावात घेतली आहे. तिथे जागेचा नंबर नसतो. जो आधी येईल त्याला पुढची जागा, त्यामुळे दार उघडण्याच्या बऱ्याच आधी रांग लागते. नव्वद मिनिटं उभं राहायचं, गायचं, टाळ्या द्यायच्या. समोर उंचावर उभ्या बाया मैदानाकडे पाठ करून गाणी सांगतात. त्यांना कॅपो म्हणतात. ढोल सतत चालू, मधूनच तुतारीसारखं काहीतरी. गणपतीत ढोल-ताशा पथकाच्या शेजारी तासभर उभं राहिल्यावर कानांचं जे होतं तेच इथे होतं, म्हणून लहान मूल असेल तर कानाला लावायचे मफ न्या. गोल झाला की लाल धूर उठतो आणि मिनिटभर समोरचं काही दिसत नाही. भाचीला दमा असता तर मी तिला तिथे नेलंच नसतं.

गाणी पाठ नसली तरी चालतं, दुसऱ्या कडव्याला जमतं. मात्र फोन वर धरून संपूर्ण सामना चित्रित करत राहिलात तर मागचे लोक नक्की बोलतील. निवांत बसून खेळ बघायचा असेल तर पश्चिमेचा स्टँड घ्या. त्याला छप्पर आहे आणि पोर्टलंडचा पाऊस जूनपर्यंत भरवशाचा नसतो. पूर्वेच्या उंच स्टँडमधून डावपेच सुरेख दिसतात, पण उन्हाळ्यात संध्याकाळचं ऊन थेट डोळ्यांवर येतं. आजी-आजोबांना घेऊन जाणाऱ्यांनी नॉर्थ एंडच्या लगतची नंबरवाली जागा बघावी. आवाज सगळा ऐकू येतो आणि बसायलाही मिळतं. पिशवी पारदर्शक नसेल तर आत सोडत नाहीत. वहिनींची पर्स वाचली कारण दादाने सकाळीच बजावलं होतं. तिकीट फोनवर असतं, आत रोख चालत नाही, म्हणून बॅटरी आणि कार्ड दोन्ही बघून घराबाहेर पडा.

या पाठीराख्यांबद्दल एक गोष्ट माहीत असल्याशिवाय तिथे उभं राहण्यात मजा नाही. २०२१मध्ये सिनेड फॅरेली आणि माना शिम या थॉर्न्सच्या माजी खेळाडूंनी आपल्या प्रशिक्षकाच्या लैंगिक गैरवर्तनाबद्दल जाहीर वाचा फोडली. त्यानंतरच्या घरच्या सामन्यात सहाव्या मिनिटाला दोन्ही संघ खेळ थांबवून मैदानाच्या मध्यात एकत्र उभे राहिले, कारण या खेळाडूंचं ऐकून घ्यायला सहा वर्षं लागली होती. रिव्हेटर्सनी क्लबविरुद्ध फलक लावले, मैदानातलं खाणंपिणं आणि सामान विकत घेण्यावर बहिष्कार टाकला, पण खेळाडूंसाठी गाणं सोडलं नाही. २०२२च्या चौकशी अहवालानंतर क्लबच्या दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांना काढून टाकलं, आणि जानेवारी २०२४मध्ये मालकीही बदलली; भारतीय वंशाच्या भठाल कुटुंबाने संघ ६ कोटी ३० लाख डॉलरला घेतला. क्लब आणि संघ यांत फरक करता येणारे असे प्रेक्षक मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुलींच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाची अंतिम फेरी झाली, स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं. सोहळा झाला, पाहुणे गेले. दर पंधरा दिवसांनी जाऊन ओरडावं असा आपला संघ त्यातून उभा राहिला नाही, ही खंत तिथे उभी असताना मनात येत होती.

सामन्याच्या दिवशी हाताशी वेळ असेल तर ईशान्य ब्रॉडवेवरच्या द स्पोर्ट्स ब्रा या खानावळीत जेवा. २०२२मध्ये सुरू झालेल्या या जागेतल्या सगळ्या टीव्हींवर फक्त बायकांचे खेळ दाखवतात. शाकाहारी पदार्थ मिळतात, पण सामन्याच्या दिवशी टेबल मिळायला वाट बघावी लागते. सामना संपल्यावर लगेच स्टेशनकडे पळण्यात अर्थ नाही, फलाटावर चेंगराचेंगरी असते. खेळाडू नॉर्थ एंडसमोर येऊन आभार मानतात, तोवर थांबा आणि दोन गाड्या जाऊ द्या.

हंगाम साधारण मार्च ते नोव्हेंबर. पावसाशिवाय बघायचं तर जुलै ते सप्टेंबर, आणि शेजारच्या सिअॅटलविरुद्धचा सामना मिळाला तर तोच घ्या. त्याची तिकिटं मात्र लवकर काढावी लागतात. वाट वाकडी करायची तयारी असेल तर कॅन्सस सिटीचं सीपीकेसी स्टेडियमही बघण्यासारखं आहे. खास महिलांच्या व्यावसायिक संघासाठी बांधलेलं ते पहिलं मैदान मार्च २०२४मध्ये उघडलं, आणि उद्घाटनाच्या सामन्यात तिथे हरले ते थॉर्न्सच, ५-४. जागा साडेअकरा हजारच आहेत, म्हणून विमानाच्या आधी सामन्याचं तिकीट बघा.