तोराजाला जाताय? डुकराचे पैसे देऊ नका, साखर न्या

तोराजा म्हणजे इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरचा डोंगराळ भाग. मकासार शहरातून तिथल्या रांतेपाओ गावापर्यंत बसचे आठ-दहा तास. तो प्रवास सोपा आहे. लेमोची कड्यात कोरलेली थडगी, केते केसूचं जुनं गाव पाहून घ्या, त्यावर वेगळं सांगण्यासारखं काही नाही. मला सांगायचंय ते तिसऱ्या दिवसाबद्दल, कारण तिथे मी फसलो.

रांबू सोलो, म्हणजे तिथला अंत्यविधी, बघायला न्यायचे म्हणून गाईडने 'डुकराचे' 25 लाख रुपिया घेतले. आपले साधारण 13 हजार. 'प्रत्येक पाहुण्याला द्यावंच लागतं,' म्हणाला. साफ खोटं! परक्या पाहुण्याने साखर, कॉफी किंवा सिगारेटचं खोकं नेलं की पुरतं.

पैशांपेक्षा पुढचं जास्त लागलं. पावसाने निसरड्या झालेल्या चढावर दीड तास घसरत मांडवात पोचलो. बांबूला बांधलेलं डुक्कर खाली ठेवलं आणि वहीवाल्याने विचारलं, कुणाकडून? आपल्याकडची आहेराची वहीच ती, फक्त इथे रकमेऐवजी जनावर. म्हशीचं तर शिंगही हातावर मोजतात, कारण फेडताना तेवढ्याच शिंगाची म्हैस द्यावी लागते. आईबापाने घेतलेलं मुलं फेडतात. कुणाचं देणं नाही, कुणाकडून येणं नाही, अशा माणसाच्या दारात उद्या कोण येणार?

माझं नाव लिहिलं गेलं. घरातल्या आजींनी भाच्याकरवी विचारलं, 'तुमच्या घरी कुणी वारलं तर आम्ही परत कुठे पोचवायचं?' मला उत्तर सुचेना. ज्यांनी गेलेल्या माणसाला 'आजारी' म्हणत महिनोन्‌महिने घरात ठेवून, जेवण वाढून, एकेका म्हशीसाठी पैसे जमवले, त्यांच्या वहीत मी न फिटणारी एक ओळ घालून आलो होतो. निघताना आजींनी मांसाचा वाटा माझ्या हातात ठेवला. त्यांच्याकडून तेवढंच परत करणं शक्य होतं.

तेव्हा गाईड ठरवताना आधीच स्पष्ट सांगा: जनावर नाही. साखर रांतेपाओतच घ्या, वर दुकान मिळेलच असं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये विधी जास्त असतात, खोली आधी धरा. काळे कपडे घाला, बसवतील तिथेच बसा. रक्त बघवत नसेल तर जाऊच नका. बूट मात्र पकड असलेलेच हवेत, माझे चपटे होते.