आमची वाटचाल : टेबलाखालच्या सर्व्हरपासून क्लाउडपर्यंत

2003 साली मी आणि दादाने दादरला एका जुन्या बिल्डिंगमध्ये दहा बाय बाराची खोली भाड्याने घेतली आणि मेडिकलवाल्यांना, औषधांच्या होलसेलवाल्यांना बिलिंगचं आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर बनवून द्यायला लागलो. तेव्हा पद्धत एकच, दुकानात एक कॉम्प्युटर, त्यातच सॉफ्टवेअर आणि त्यातच सगळा डेटा, काही बिघडलं की बॅग उचलायची आणि लोकल पकडायची.

26 जुलै 2005 विसरणं शक्यच नाही. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. कुर्ल्याला आमचे एक होलसेलवाले होते, त्यांचा सर्व्हर, म्हणजे सगळा डेटा असलेला कॉम्प्युटर, टेबलाखाली ठेवलेला. तीन दिवसांनी पोचलो तर भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ, सीपीयू उघडला तर आतून गाळ निघाला, दादाने हार्ड डिस्क फडक्याने पुसली, रात्रभर पंख्याखाली ठेवली, सकाळी लावून बघितली तर नुसता कट कट कट आवाज. बॅकअप घेतलेला होता हो, दर शनिवारी दुसऱ्या डिस्कवर घ्यायचो, पण ती डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात. शेठ एका शब्दाने बोलले नाहीत. भिजलेली बिलं त्यांनी दोरीवर वाळत घातली होती, ती एकेक काढून आम्हाला वाचून दाखवत होते आणि आम्ही दोघं उधारी परत टाइप करत होतो, असं अकरा दिवस चाललं. बॅकअप त्याच छपराखाली असेल तर तो बॅकअप नाहीच, हे आम्ही तिथे शिकलो.

2006 ला अमेझॉनने इंटरनेटवरून स्टोरेज आणि सर्व्हर भाड्याने द्यायला सुरुवात केली, यालाच क्लाउड म्हणतात, पण आमच्यापर्यंत ते यायला दहा वर्षं गेली, कारण मशीन सगळी परदेशात आणि दुकानातलं नेट असं की एक बिल सेव्ह व्हायला गिऱ्हाईक ताटकळत उभं. मग 2015 ला मायक्रोसॉफ्टने पुणे, चेन्नई, मुंबईत डेटा सेंटर सुरू केली, 2016 च्या जूनमध्ये अमेझॉन मुंबईत आलं, 2017 ला गूगल. त्यात 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला. आमची 140 दुकानं, प्रत्येक ठिकाणी जाऊन नवीन व्हर्जन टाकायचं, त्या महिन्यात घरी जेवल्याचं आठवत नाही. तेव्हाच ठरवलं, आता सॉफ्टवेअर एकाच जागी ठेवायचं आणि दुकानदाराने ते ब्राउझरमध्ये उघडायचं.

लालबागचे आमचे मेडिकलवाले काका म्हणाले, "सगळं ठीक आहे रे, पण माझ्या चोपड्या नक्की आहेत कुठे?" मला हा प्रश्न फार आवडला, कारण क्लाउड समजून घ्यायची सुरुवात इथूनच होते. मी म्हटलं, काका, एका पक्क्या बिल्डिंगमध्ये, दोन बाजूंनी लाइट, खाली जनरेटर, एसी चोवीस तास, तिथे मोठमोठी मशीन आहेत आणि एकेका मशीनचे सॉफ्टवेअरनेच भाग पाडलेत, त्यातला एक भाग आपण भाड्याने घेतलाय, शेजारच्या भागात दुसऱ्या कोणाचं तरी काम चालू असेल पण त्याला तुमची वही दिसत नाही. आणि त्याची कॉपी शहरातच लांबच्या दुसऱ्या सेंटरमध्ये. काका म्हणाले, मग कुलूप कोणाचं? मी म्हटलं, बिल्डिंगचा वॉचमन भाड्याने देणाऱ्या कंपनीचा, खोलीचं कुलूप आपलं. पासवर्ड, कोणाला काय दिसावं, बॅकअप, हे प्रोव्हायडर, म्हणजे ती कंपनी, आपल्यासाठी करत नाही, लोकांचा इथेच गैरसमज होतो.

क्लाउड तीन प्रकारे भाड्याने मिळतो, ते सांगताना नवीन पोरांना मी लग्नाच्या हॉलचं उदाहरण देतो. नुसता हॉल घेतला, आचारी, भांडी, शिधा तुमचा, ते आयएएएस, म्हणजे नुसतं मशीन भाड्याने. हॉलबरोबर चालू स्वयंपाकघर आणि भांडी मिळाली, पदार्थ तेवढे तुम्ही करायचे, ते पीएएएस, म्हणजे सॉफ्टवेअर चालवायची सगळी तयारी त्यांची, सॉफ्टवेअर तुमचं. आणि जाऊन पानावरच बसायचं, ते एसएएएस, म्हणजे तयार सॉफ्टवेअर, जे आम्ही दुकानदारांना देतो.

अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने 2011 मध्ये क्लाउडची व्याख्या केली, त्यातल्या पाच गुणांपैकी दोन आमच्या रोजच्या धंद्याचे. एक, लागेल तसं वाढवता-कमी करता येणं. जीएसटी रिटर्नच्या तारखा जवळ आल्या की सगळे दुकानदार एकदमच बसतात, तेव्हा आम्ही दोनाचे सहा सर्व्हर करतो आणि काम संपलं की परत दोन, स्वतःची मशीन असती तर चार मशीन बाकीचा महिना धूळ खात पडली असती. दुसरा गुण मीटर, म्हणजे वापर मोजून तेवढंच बिल. 2018 च्या गणपतीत टेस्टिंगची मोठी मशीन चालू राहिली आणि आम्ही सगळे गावी, महिन्याचं बिल 31 हजार जास्त आलं. बंद केल्यावर पण पुढच्या महिन्यात काही रक्कम आलीच, कारण मशीन बंद झालं तरी त्याला जोडलेल्या डिस्कचं भाडं चालूच असतं, ती वेगळी काढून टाकावी लागते. तेव्हापासून बजेटचा अलर्ट माझ्या आणि दादाच्या, दोघांच्या फोनवर.

12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी अख्ख्या मुंबईची लाइट गेली, आमच्या ऑफिसात अंधार, रेंज येत-जात होती, पण सिस्टिम चालू होती. काकांनी दुकानातून मोबाइलवर इन्सुलिनचा स्टॉक बघून एका पेशंटला शेजारच्या ब्रँचला पाठवलं, हे त्यांनीच संध्याकाळी फोन करून सांगितलं. मला भरून आलं.

आता तिसरी कॉपी मुंबईबाहेरच्या रीजनमध्ये, म्हणजे दुसऱ्या भागातल्या डेटा सेंटरांत, ठेवतो. आणि दरवर्षी 26 जुलैला ऑफिसात एकच काम, समजायचं की मुंबईतलं सगळं गेलंय आणि त्या कॉपीवरून एका दुकानाचा डेटा पहिल्यापासून उभा करायचा. पहिल्या वर्षी अडीच तास लागले, यंदा 41 मिनिटं. कुर्ल्याच्या शेठचा मुलगा आता धंदा बघतो, यंदा आम्ही त्यांचंच खातं घेतलं होतं, शेवटचं बिल स्क्रीनवर आलं तसा दादाने त्याला फोन लावला.