युंगरची फिल्म कशाला दाखवता?

"युद्ध नको म्हणणारे तुम्ही, आणि त्या युद्धवेड्या जर्मनाची फिल्म काय दाखवत बसता?" घरी चार माणसं जमली आणि मी जर्मन लेखक अर्न्स्ट युंगरवरचा स्वीडिश माहितीपट लावला, की हा प्रश्न ठरलेला.

प्रश्न रास्त आहे. पहिल्या महायुद्धात हा माणूस चौदा वेळा जखमी झाला. 1918 मध्ये त्याला प्रशियाचं सर्वोच्च लष्करी पदक मिळालं. 1920 च्या त्याच्या युद्धपुस्तकात पश्चात्ताप शोधून सापडत नाही. त्यानंतर त्याने लोकशाहीविरुद्ध जहाल लेख लिहिले. नाझींनी देऊ केलेले मान नाकारले, हे खरं. पण त्या लेखांचा बचाव मी करत नाही.

मला सोडत नाही ती त्याची नजर. 1916 मध्ये फ्रान्समधल्या दूशीजवळच्या खंदकांत हा गडी भुंगेरे गोळा करून त्यांची रीतसर यादी करत होता. तोफा चालू असताना! पुढे विल्फ्लिंगेन गावच्या घरात टाचणीला लावलेले हजारो भुंगेरे, वाळूची घड्याळं आणि गोळीने भोक पडलेलं शिरस्त्राण, सगळं एकत्र नांदलं. 1998 मध्ये गेला, तेव्हा वय 102.

हीच नजर अंगावरही येते. 27 मे 1944, जर्मनांच्या ताब्यातलं पॅरिस. कप्तान युंगर हॉटेलच्या गच्चीवर उभा, हातात बरगंडीचा पेला, त्यात स्ट्रॉबेऱ्या तरंगताहेत, आणि शहरावर विमानं बॉम्ब टाकताहेत. हे तो देखणं दृश्य म्हणून लिहून ठेवतो. इथे मी दर वेळी चिडतो. पण त्याच्या डायरीत जून 1942 चीही नोंद आहे: नाझींनी ज्यूंना सक्तीने लावायला लावलेला पिवळा तारा कपड्यांवर असलेल्या तीन मुली रस्त्यात दिसल्या आणि त्याला स्वतःच्या गणवेशाची लाज वाटली. दोन्ही नोंदी त्यानेच छापल्या.

आमच्या सोसायटीतले एक निवृत्त सुभेदार एकदा शेवटपर्यंत बसले. वादात पडले नाहीत. निघताना चपला घालता घालता म्हणाले, "ह्याला मुलंबाळं?"

दोन मुलगे, म्हटलं. थोरला हिटलरविरुद्ध बोलला म्हणून पकडला गेला, मग आघाडीवर धाडला. नोव्हेंबर 1944 मध्ये इटलीत, काराराजवळ मारला गेला. अठरा वर्षांचा.

"तेही लिहिलं असेल?"

लिहिलंय. बातमी पोचायला दीडेक महिना लागला होता.

"आमच्याकडे तार लवकर यायची," सुभेदार म्हणाले.