कागदच ना तो, किती दिवस टिकणार?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. घरी येणारा प्रत्येक माणूस बाहेरच्या खोलीतली, मी नक्षीच्या कागदाने मढवलेली पेटी उचलतो, उघडतो, उलटी करून तळ बघतो आणि म्हणतो, ‘छान आहे हो! पण शेवटी कागदच ना? किती दिवस टिकणार?’ विचारणाऱ्यांत निम्म्यांना स्वतःला करून बघायचं असतं. उरलेल्या निम्म्यांना माझ्या फुकट गेलेल्या दुपारींची कीव आलेली असते. कीव करणाऱ्यांना आधी उत्तर देते, म्हणजे ते चहाकडे वळतील.

कागद टिकतो. चांगला टिकतो. दौलताबादी आणि जुन्नरी कागदावर लिहिलेली मोडी दफ्तरं आजही उलगडून वाचता येतात. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गाव आहे, पुण्यात कसब्यात कागदीपुरा आहे. हाताने कागद करणाऱ्यांच्या या वस्त्या. तो कागद चिंध्यांचा, सुताच्या लांब धाग्यांचा असे. आपण ज्याला कागद म्हणून नावं ठेवतो तो लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद. वर्तमानपत्र चार महिने गच्चीच्या खोलीत ठेवलं की पिवळं पडतं आणि घडीवर तुटतं. त्या लगद्यात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं, उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडू लागतं. म्हणजे दोष कागदाच्या जातीत नाही, त्या विशिष्ट कागदात आहे.

आणि कागदावर लाख किंवा व्हार्निश चढवून त्याची रोजच्या वापरातली वस्तू करणं हे काही आजकालचं खूळ नाही. आपल्या सावंतवाडीचा गंजिफा बघा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते. कापडाचे किंवा कागदाचे थर खळीने एकावर एक चिकटवायचे, त्यावर लेप, त्यावर चित्र, त्यावर लाख. दशावतारी गंजिफ्याची पानं एकशेवीस, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. ती काचेच्या कपाटासाठी नव्हती, हातात धरून खेळायची होती. तिकडे व्हेनिसमध्ये अठराव्या शतकात चिनी-जपानी लाखकामाच्या सामानाची एवढी हौस लागली की कारागिरांना पुरवठा जमेना. मग छापील चित्रं कापून कपाटांवर चिकटवायची आणि वर व्हार्निशचे थरावर थर द्यायचे, असा सोपा मार्ग निघाला. बासानो गावच्या रेमोंदिनी छापखान्यातून त्यासाठीच चित्रांचे ताव छापून जात. गरिबाचं लाखकाम म्हणून त्याची थट्टाही झाली. ती गरिबाची कपाटं आज संग्रहालयांत उभी आहेत.

आता ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी.

सगळा खेळ कागद निवडण्यात आहे, आणि इथेच लोक घाई करतात. दुकानातला गिफ्ट पेपर दिसायला झकास असतो, पण पातळ आणि चकचकीत. खळ लागली की फुगतो, आणि चकाकी असलेल्या बाजूवर पुढचं व्हार्निश नीट धरत नाही. पतंगाचा कागद तर मुळीच घेऊ नका. त्याचा गुलाबी आणि जांभळा रंग ओला झाला की बोटांना, पेटीला, टेबलाला, सगळीकडे लागतो. आकाशकंदिलाला तो शोभतो, कारण आकाशकंदील दिवाळीपुरता असतो. शाळेत वापरायचो तो घोटीव कागद मुलांच्या वहीच्या कव्हरापुरता ठीक.

मला आवडतो तो हातकागद. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे, तिथला कागद हातात घेतला की फरक कळतो. सांगानेरचा छापील हातकागदही उत्तम. कपड्याच्या कारखान्यांतल्या सुती कातरणांपासून तो होतो आणि त्यावर जाळीच्या चौकटीतून नक्षी छापतात. नेपाळचा लोकता डोंगरातल्या झुडपाच्या सालीचा असतो. सुरकुत्या दिसल्या तरी तो फाटत नाही. जपानी चियोगामी या सगळ्यांत देखणा. तुतीच्या जातीच्या झाडाची साल, लांब तंतू, ओला झाला तरी हातात तुटत नाही. पण महाग आहे, आणि पहिल्याच पेटीला तो वापरायचा मोह मी तरी होऊ देणार नाही.

अबरीबद्दल वेगळं सांगायला हवं. जुन्या खातेवह्यांच्या पुठ्ठ्यावर लाटांसारखी रंगीबेरंगी नक्षी असायची, तो अबरीचा कागद. पाण्यात डिंक किंवा मेथीसारखा चिकट पदार्थ मिसळून त्याला दाटपणा आणतात, वर रंगाचे थेंब सोडतात, काडीने किंवा फणीने ते ओढतात आणि वरून अलगद कागद टेकवून उचलतात. प्रत्येक ताव निराळा होतो. सतराव्या शतकात विजापूरकडे दख्खनी चित्रकारांनी या अबरीची चित्रं केली, हाडकुळा घोडा आणि त्यावरचा स्वार, अंगभर लाटा. आज ती जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. आपल्याच मुलखात हे झालं आणि आपण मात्र अबरी म्हटलं की किराणा दुकानाची खातेवही आठवतो. असो. पेटीसाठी अबरी फार सोयीची, कारण तिच्या नक्षीला वर-खाली नसतं आणि जोड कुठे आला ते कळत नाही.

कागदाला आडवं-उभं मात्र असतं. यंत्रावर झालेल्या कागदातले तंतू एका दिशेला झुकतात आणि ओला झाल्यावर तो दुसऱ्या दिशेला ताणतो. एक छोटा तुकडा पाण्याने एका बाजूने ओला करा, तो नळीसारखा वळेल. नळीची लांबी ज्या दिशेला, त्या दिशेला तंतू. गोल डब्याला कागद गुंडाळायचा असेल तर तंतू उभे हवेत, म्हणजे कागद न कुरकुरता वळतो. यात घोळ झाला की काम कितीही नीट केलं तरी मधे बुडबुडा राहतो आणि आपण उगीच स्वतःच्या हाताला दोष देतो.

चिकटवायला काय, हा दुसरा हमखास प्रश्न. पुठ्ठ्यावर कागद असेल तर मी खळ वापरते. मैदा, त्याच्या पाचपट पाणी, मंद आचेवर सतत ढवळत, पारदर्शक होईपर्यंत. बुधवार पेठेतले एक बाइंडर काका त्यात चिमूटभर मोरचूद घालायचे, कारण खळ म्हणजे कसरीला पंगत वाढून ठेवल्यासारखं. मोरचूद विषारी आहे, म्हणून ते भांडं वेगळं आणि मुलांच्या हाताबाहेर ठेवायचं, हे त्यांचं पालुपद. खळीचा मोठा गुण म्हणजे ती पाण्याने सुटते. वीस वर्षांनी कुणाला पेटीचा कागद बदलावासा वाटला तर वरचं व्हार्निश खरवडून ओल्या फडक्याने सोडवता येईल. फेविकॉलने चिकटवलेलं सुटत नाही, फाटतं. पण पत्र्यावर खळ टिकत नाही, तिथे फेविकॉलच. तोही आधी डबा साबणाने धुऊन, तेलकटपणा काढून, पॉलिशपेपरने खरखरीत करून, गंज असेल तर रेड ऑक्साइडचा हात मारून. हे न करता थेट कागद लावला तर आत अडकलेल्या ओलीने पत्रा गंजतो आणि गंजाचा डाग कागदातून वर येतो.

आणखी एक गोष्ट बाइंडिंगवाल्यांकडूनच कळते. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला कागद लावला तर तो सुकताना आक्रसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. झाकण वाकडं होतं ते त्यामुळे. म्हणून आतूनही कागद लावायचा, साधा का होईना. आतल्या अस्तराचं ते काम आहे. शोभा ही वरकमाई.

वरचं व्हार्निश पाण्यातलं ॲक्रिलिक घ्या. तेलकट व्हार्निश काही वर्षांनी पिवळं पडतं. जुन्या चित्राला ते शोभेल, निळ्या-पांढऱ्या नक्षीला नाही. पातळ हात, पूर्ण सुकू देणं, हलका पॉलिशपेपर, पुन्हा हात. किती हात द्यायचे? बोट फिरवल्यावर कागदाची कड लागेनाशी झाली की थांबा. आणि हे उद्योग दिवाळीनंतर काढा. आषाढ-श्रावणात हवेत इतकी ओल असते की खळ वाळत नाही आणि व्हार्निशवर पांढुरकी झाक येते. कोकणात राहणाऱ्यांनी तर जून ते सप्टेंबर नुसता कागद निवडत बसावं.

आठवणीच्या वस्तूंबद्दल मात्र मी जरा कडक आहे. आईची लग्नपत्रिका, बाबांचं पत्र, बारशाचा फोटो, हे आणून लोक म्हणतात, ‘याची पेटी करून दे ना, झाकणावर लाव.’ मी लावत नाही. चिकटवलेला कागद हा मग कागद राहत नाही. त्याच्या मागे काय लिहिलंय ते कायमचं गेलं, कोपऱ्यातली शाई खळीने पसरली, आणि झाकणावर उजेड पडत राहिल्याने सगळ्यात आधी तोच फिका होणार. पत्रिकेची रंगीत लेझर प्रत काढा आणि ती झाकणावर लावा. इंकजेटची प्रत चालणार नाही, ओली झाली की तिचा रंग पसरतो. अस्सल पत्रिका आत, जुन्या सुती पंच्यात गुंडाळून, शेजारी वेखंडाचा तुकडा. पेटी त्या पत्रिकेसाठी आहे, पत्रिका पेटीसाठी नाही.

याच वाटेने लुगड्यांचाही प्रश्न सुटतो. आजीच्या पैठणीचा पदर कापायला कुणाचा हात धजत नाही आणि धजूही नये. पदर स्कॅनरवर सपाट ठेवा, काठाचा नमुना छापून घ्या. पेटीच्या चारही बाजूंना तोच काठ फिरवला की नऊवारीचा थाट येतो आणि लुगडं कपाटात शाबूत. माझ्या बहिणीने तर आईच्या रोजच्या चौकड्यांच्या पातळाची अशी प्रत काढून फणेरपेटीच्या आत अस्तर म्हणून लावली. पैठणीपेक्षा ते जास्त चांगलं दिसलं, असं माझं मत. आई म्हणाली, ‘ते फाटकं पातळ कशाला?’ पण दिवसातून एकदा पेटी उघडते.

छापील कागद सजवायची हौस आपल्याकडे जुनीच आहे. १८९४ साली राजा रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घराघरांत गेल्या. बायकांनी त्या चित्रांतल्या साड्यांवर खरं कापड, जर आणि टिकल्या लावून ती मढवली. तशी जुनी चित्रं अजून काही घरांत काचेमागे दिसतात. छापून आलेलं सगळ्यांच्या घरी सारखंच, त्यावरची जर मात्र आपली. श्रावणात भिंतीला लावतो ती जिवतीही छापील कागदच, पण ती महिनाभराची पाहुणी. तिला व्हार्निश लावून ‘टिकाऊ’ करणाऱ्यांची मला मौज वाटते. मखर, तोरण, जिवती यांनी दरवर्षी नवं व्हावं. तिथे कागद टिकत नाही हीच त्याची सोय.

काय मढवू नये तेही विचारता म्हणून सांगते. पितळ. पितळेला चिंच लावून घासा, त्यावर कागद लावणं म्हणजे त्याचा अपमान. बसायचा पाट नको, त्यावर पाणी सांडतं आणि माणूस सरकतो. खाण्याचे डबे बाहेरून चालतील, आतून कधीच नाही. लोणच्याच्या बरणीला हात लावू नका, तेल कागदात शिरलं की कुठलंच व्हार्निश ते थांबवू शकत नाही. आणि घरातली प्रत्येक वस्तू फुलाफुलांची करू नका. एका खोलीत एक पेटी, फार तर एक ट्रे. जास्त झालं की सगळं घर बोहरी आळीतल्या सजावटीच्या दुकानासारखं दिसतं.

झालेल्या पेटीची निगा अगदी साधी. खिडकीच्या थेट उन्हात ठेवायची नाही, कोरड्या फडक्याने पुसायची, ट्रेवर गरम पातेलं ठेवायचं झालं तर खाली जाळी. कोपरा सुटला तर लगेच त्याखाली टाचणीने थोडी खळ सरकवा, वर मेणकागद ठेवा आणि रात्रभर जाड शब्दकोशाचं वजन. ‘उद्या बघू’ म्हणालात की त्या कोपऱ्याला लहान मुलाची नखं लागतात, आणि मग पूर्ण बाजू नव्याने करावी लागते. ऑर्डर घेते का, असंही बरेच जण विचारतात. नाही घेत. पण पेटी, कागद आणि खळीचं भांडं घेऊन शनिवारी दुपारी आलात तर टेबलावर जागा आहे.