अस्सल बरहुकूम

स्मरणिका समितीतून फोन आला, "तुमचं मनोगत पाठवा, दोन प्रतींत." मी विचारलं, "मूळ धरून दोन की मूळ सोडून?" पलीकडचा मुलगा गोंधळला. त्याचा दोष नाही. नववीत आम्हालाही हे कळत नव्हतं.

मी १९८३च्या दहावीचा. आम्हाला इंग्रजीला जे सर होते, त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग असे. नववीत सहामाहीच्या आधी त्यांनी 'अ रेनी डे' हा निबंध घातला. बेचाळीस वह्या गेल्या आणि त्यांतल्या निदान तीस वह्यांत पाऊस एकाच गाईडातला पडला. तीच विसरलेली छत्री, तोच वाटेत भेटलेला म्हातारा. आता सगळ्यांना छड्या, असं आम्ही धरून चाललो होतो. सरांनी मात्र प्रत्येक वहीवर लाल शाईने एकेक शब्द लिहून वह्या परत केल्या. ग्रंथालयातल्या जाड शब्दकोशात आपापला शब्द शोधायचा आणि सरांनी तो आपल्यालाच का दिला ते वर्गापुढे सांगायचं, ही शिक्षा.

माझ्या वहीवर 'ट्रान्सक्राइब्ड' होतं. म्हणजे समोरचं बघून अक्षर न् अक्षर उतरवून काढलेलं. गाईडात 'अम्ब्रेला'तला एक 'एल' छपाईत गळला होता, तो माझ्या वहीतही इमानेइतबारे गळला होता. माझ्या बाकावरच्या सोबत्याच्या वहीवर 'इमिटेटेड'. त्याने गाईडाचा ढंग उचलला होता, पण पाऊस आपल्या ओढ्यावर पाडून त्यात स्वतःची चप्पल वाहून घालवली होती. त्याला दहापैकी सात, मला दोन. ते सात मार्क तो अजून ऐकवतो.

पहिल्या बाकावरच्या दोघांच्या वह्यांवर 'डुप्लिकेट' पाहून वर्ग खो खो हसला. आपल्याकडे डुप्लिकेट म्हणजे बाजारातला नकली माल. सर म्हणाले, "इंग्रजीत ही शिवी नाही. डुप्लिकेट किल्लीने कुलूप उघडतं की नाही? या दोन वह्यांत कोणी कोणाचं पाहिलं ते मला सांगता येईना, म्हणून तो शब्द." 'इन डुप्लिकेट' म्हणजे मूळ धरून दोन, हेही तेव्हाच कळलं.

'कॉपी' हा शब्द मात्र त्यांनी एकाही वहीवर लिहिला नव्हता. तो तुम्ही नासवलाय, म्हणाले. आपल्याकडे कॉपी करतात ती परीक्षेत, आणि 'सापडते' ती बाहीतली चिठ्ठी. मुळात लॅटिनमधला 'कोपिया' म्हणजे विपुलता. पुस्तकाची कॉपी म्हणजे साधी एक प्रत. आणि वर्तमानपत्राच्या कचेरीत जो मजकूर छापायला जातो, तो पहिल्यांदाच लिहिलेला असला तरी त्याला कॉपीच म्हणतात! 'प्लेजरिझम' त्यांनी फक्त फळ्यावर लिहिला. लॅटिनमध्ये 'प्लेजिॲरियस' म्हणजे माणसं पळवणारा. पहिल्या शतकातल्या मार्शल नावाच्या रोमन कवीने तो शब्द आपल्या कविता स्वतःच्या म्हणून खपवणाऱ्याला लावला. "हा शब्द द्यायला तुम्ही अजून लहान आहात," एवढं बोलून त्यांनी फळा पुसला.

स्नेहसंमेलनात एकाने सरांची खाकरण्याची आणि खडू झटकण्याची नक्कल केली. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना सर त्याला म्हणाले, "बाळा, ते इमिटेशन नव्हतं, मिमिक्री होती. मिमिक्रीत थोडं चिडवणं येतं." आणि खाकरले. वर्ग पुन्हा हसला.

आता जे सांगतो ते घरीही फारसं सांगितलेलं नाही. माझे वडील अंगठा लावत. प्रगतिपुस्तकावर इतर मुलांच्या वडिलांच्या सह्या असत, आमच्या रकान्यात निळा ठिपका. त्या सहामाहीला मी वडिलांच्या नावाची झोकदार सही ठोकून दिली, खाली दोन टिंबांसकट. शाळा सुटल्यावर सरांनी थांबवून घेतलं. "वडील सही कधी शिकले?" मी गप्प. "ही नक्कल नाही. नकलेला अस्सल लागतं, इथे ते नाहीच. याला फोर्जरी म्हणतात. लोहाराच्या भट्टीलाही इंग्रजीत फोर्जच म्हणतात. तो लोखंड घडवतो, तू बाप घडवलास." मग कचेरीतलं शाईचं पॅड त्यांनी एका रात्रीपुरतं माझ्या दप्तरात घातलं. वडिलांनी कंदिलाशी बसून, माझ्या त्या सहीवरच नेमका अंगठा उठवला आणि बोटाची शाई केसांना पुसली. सही कोणाची, ते त्यांनी विचारलं नाही.

पुढे १९८९मध्ये मी कोर्टात लागलो, तोही नक्कल विभागात. सरांना पेढे द्यायला गेलो तर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. उभी नोकरी नकला देण्यात गेली. सुरुवातीला टाइपरायटरवर, कार्बन घालून. टाइप झालं की एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने नकलेवर बोट फिरवायचं, ही रुजवात. मग खाली 'नक्कल करणार', 'रुजवात घेणार' अशा दोन सह्या आणि शिक्का: अस्सल बरहुकूम खरी नक्कल, म्हणजे मूळ कागदाप्रमाणे तंतोतंत प्रत. 'खरी नक्कल' हे शब्द बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटतात. पण १८७२च्या पुरावा कायद्यातच होतं: नकलेवरून केलेली नक्कल मुळाशी ताडून पाहिली असेल तर दुय्यम पुरावा म्हणून चालते, नाहीतर नाही. शिवाय अर्ज कधी आला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी, या तारखा त्यावर लागतातच, कारण नक्कल मिळण्यात गेलेले दिवस अपिलाच्या मुदतीत धरत नाहीत. झेरॉक्स आल्यावर टाइप करणं गेलं, शिक्का आणि तारखा राहिल्या.

हा मजकूर पाठवण्याआधी बाकावरच्या त्या सोबत्याला फोनवर वाचून दाखवला. म्हटलं, जुन्या सवयीने रुजवात घेऊ. तो शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, "अरे, ते प्रगतिपुस्तक नव्हतं. तो फीमाफीचा अर्ज होता. आणि माझ्या वहीत चप्पल नव्हती, दप्तर वाहून गेलं होतं." बराच वेळ वाद घातला. प्रगतिपुस्तक वाळवीने खाल्लं, वह्या रद्दीत गेल्या, सरांना जाऊन अकरा वर्षं झाली. अस्सल कोणाकडेच नाही.

समितीला दोन प्रती पाठवतोय, मूळ धरून. शिक्का मारलेला नाही.