जुना आय५, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, स्वस्तातले गेम: दुसरी रॅम बसवल्यानंतरचा अपडेट

मंडळी, बरेच दिवस लिहायचं राहिलं होतं, आता पावसाळ्यात घरात बसून भरपूर टेस्टिंग झालंय तर सगळं एकदाच टाकतो. नवीन लोकांसाठी मशीन सांगतो: इंटेलचा आय५ ४५७० प्रोसेसर, म्हणजे चौथ्या पिढीतला, कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला रिफर्बिश्ड डेस्कटॉप, ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरच्या आतलं इंटेल एचडी ४६०० आहे तेवढंच. विंडोज १० छोट्या एसएसडीवर, गेम जुन्या हार्ड डिस्कवर. यूपीएस नाही, आणि राहतो बदलापूरला, त्यामुळे पावसात लाईटचा भरवसा नाही, याचा गेम निवडण्याशी काय संबंध ते पुढे येईलच. बजेट महिन्याला तीनशे रुपयांच्या आत, एखाद्या महिन्यात काहीच घ्यायचं नाही असंही चालतं.

यावेळचा सगळ्यात मोठा बदल म्हणजे रॅम. आधी चार जीबीची एकच स्टिक होती, आता तशीच दुसरी लावलीये. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो, लॅमिंग्टन रोडवर डीडीआर३ ची जुनी स्टिक मिळाली, पैसे साधारण एखाद्या चांगल्या गेमला पडतात तेवढेच. लोकांना वाटतं रॅम वाढली म्हणून फरक पडला, पण आपल्यासारख्यांच्या बाबतीत खरा फायदा वेगळाच आहे. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते सिस्टिमच्या रॅममधूनच सगळं ओढतं, आणि डीडीआर३ १६०० ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त १२.८ जीबी देते, दोन स्टिक दोन वेगळ्या चॅनलवर (रॅम आणि प्रोसेसरमधल्या वाटा) लावल्या की तेच २५.६ जीबी होतं. म्हणजे ग्राफिक्स चिप तीच, पण तिला मिळणारा माल दुप्पट. म्हणून आठ जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षा चारच्या दोन कधीही चांगल्या. लावताना स्लॉट बघून लावा, बऱ्याच बोर्डांवर जोडीच्या स्लॉटना सारखा रंग असतो, आणि लावून झालं की सीपीयू-झेड नावाच्या प्रोग्रामच्या मेमरी टॅबमध्ये ड्युअल दिसतंय का ते बघा, सिंगल दिसलं तर स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये टाका.

फरक कुठे जाणवला ते नीट सांगतो कारण नुसतं स्मूथ झालं म्हणून काही कळत नाही. हाफ-लाईफ २ मध्ये कालव्यातून एअरबोट चालवायचा जो भाग आहे तिथे आधी वळणावर फ्रेम (सेकंदाला किती चित्रं दिसतात ते) पडायचे, चालवता यायची पण वळताना हात अडखळायचा. रॅम लावल्यावर १०८०पी ला तो भाग मोकळा पळायला लागला. त्याच गेममध्ये अजून एक सेटिंग सांगून ठेवतो, व्हिडिओच्या ॲडव्हान्स्डमध्ये वॉटर डिटेल असतं, ते रिफ्लेक्ट ऑलवरून सिंपल रिफ्लेक्शन्सवर आणा. पाण्यात प्रतिबिंब दाखवायचं म्हणजे इंजिनला आजूबाजूचा सीन परत एकदा काढावा लागतो, आणि तो पूर्ण भाग पाण्यातच आहे, त्यामुळे हे एकच सेटिंग कमी केलं तरी बाकी टेक्स्चर वगैरे हायवर ठेवता येतात. दिसण्यात फार काही जात नाही, बोट चालवताना पाण्यात कोण बघतंय. हा गेम २००४ चा आहे, २०२४ मध्ये वीस वर्षं झाली तेव्हा अपडेट आला आणि दोन्ही एपिसोड मूळ गेममध्येच आले, सेलमध्ये शंभराच्या आत मिळतो. शंभराच्या आत यापेक्षा चांगलं काही मला तरी माहिती नाही. पोर्टल आणि पोर्टल २ पण त्याच पठडीतले, तीच कंपनी, तसंच हलकं इंजिन, आणि सेलमध्ये तसेच स्वस्त.

आता मुद्द्याचं. माझा भाचा सुट्टीत आला की पहिला प्रश्न ठरलेला, "मामा, यात जीटीए फाईव्ह चालेल का?" आणि त्याला मी जे सांगतो तेच इथे लिहितो. चालतो. रेझोल्यूशन खाली आणा, सगळं लो करा, सावल्या कमी करा, लांबच्या बिल्डिंगा धुरकट होऊ द्या, मग चालतो, आणि शंभर जीबीच्या आसपास डिस्क खातो. पण मग तो गेम ज्यासाठी बनवलाय ते शहरच दिसत नाही. मोठ्या गेमला कापून-छाटून आपल्या मशीनमध्ये बसवण्यापेक्षा जो गेम मुळातच हलका बनवलाय तो पूर्ण सेटिंगवर खेळावा, बनवणाऱ्याने जसा दाखवायचा ठरवला तसाच तो आपल्याला दिसतो, आपल्या जुन्या पीसीवर पण आणि लाखाच्या पीसीवर पण. मी गेम निवडताना आता हेच आधी बघतो आणि यात मला कुठलीही तडजोड वाटत नाही.

मग हलका बनवलाय हे ओळखायचं कसं, तर साल बघून अजिबात नाही. टू-डी आहे म्हणजे हलका असंही नाही, काही टू-डी गेम एवढे इफेक्ट एकावर एक चढवतात की आपली चिप दमते. मी स्टीमवर (ऑनलाईन गेम विकणारं स्टोअर) गेमच्या पानावर मिनिमममध्ये, म्हणजे कमीत कमी काय लागतं त्या यादीत, ग्राफिक्ससमोर काय लिहिलंय ते वाचतो, तिथे इंटेल एचडीचं नाव लिहिलं असेल तर बनवणाऱ्यांनी आपल्यासारख्या मशीनचा विचार केलाय असं मी धरतो. सेलेस्ट बघा, २०१८ चा, मिनिमममध्ये इंटेल एचडी ४००० लिहिलंय, दोन जीबी रॅम, आणि खरंच लोण्यासारखा चालतो. जंप मारायची ती बरोबर त्याच क्षणी लागते, आणि अशा गेमला तेच महत्त्वाचं, सेकंदाला साठ फ्रेम म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद, तेवढ्यात सगळं चित्र काढून झालं नाही तर बटणावर बोट बरोबर पडूनही कॅरेक्टर खाली जातं.

दुसरं बघायचं ते डायरेक्टएक्स, म्हणजे विंडोजवर गेम ज्याच्यातून ग्राफिक्स चिपशी बोलतो ते. चौथ्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्सवाल्यांनो हे लक्षात ठेवा, आपल्या चिपला सुरुवातीला डायरेक्टएक्स १२ होतं पण सिक्युरिटीच्या कारणाने इंटेलने नंतरच्या ड्रायव्हरमध्ये ते बंद केलं. त्यामुळे मिनिमममध्ये डायरेक्टएक्स १२ लिहिलेला गेम दिसायला कितीही साधा असला तरी सोडून द्यायचा. विंडोजवर व्हल्कन (त्याच कामाचं दुसरं) पण आपल्याकडे नाही. ११ लिहिलं असेल तर पुढे बघायचं. युट्यूबवर कोणीतरी चालवून दाखवतो ते बघून घेऊ नका, त्याचा ड्रायव्हर कुठला, रॅम सिंगल की ड्युअल, काही लिहिलेलं नसतं.

आणि तिसरं, जे फार लोक बघत नाहीत, गेम सेव्ह कधी होतो. इथे माझी लाईटची गोष्ट येते. स्टारड्यू व्हॅली माझा सगळ्यात आवडता गेम आहे, एरिक बॅरोन नावाच्या एकाच माणसाने सगळं केलंय, प्रोग्रामिंग, चित्रं, संगीत, २०१६ मध्ये आला आणि अजून फुकट अपडेट येतात, १.६ चा मोठा अपडेट २०२४ मध्ये आला. जागा पाचशे एमबी. पण तो सेव्ह होतो फक्त रात्री झोपल्यावर, म्हणजे दिवसभर नांगरणी केली, खाणीत उतरलो, मासे धरले आणि झोपायच्या आधी लाईट गेली की तो पूर्ण दिवस गेला. म्हणून मी तो सकाळी खेळतो, संध्याकाळी ढग भरून आले की लावतच नाही. स्ले द स्पायर त्या मानाने एकदम सोयीचा, पत्त्यांचा गेम आहे, प्रत्येक खोलीत शिरताना सेव्ह होतो, लाईट गेली तर फारतर चालू असलेली लढाई परत लढायची. एक जीबीच्या आसपास जागा, आणि वर्षभर पुरतो खरंच. ज्यांच्याकडे पीसीला बॅकअप नाही त्यांनी गेम घ्यायच्या आधी हे नक्की बघा, स्पेसिफिकेशनमध्ये हे कुठेच लिहिलेलं नसतं.

हॉलो नाईट. यावर थोडं जास्त लिहितो कारण हा आपल्या मशीनच्या बरोबर काठावरचा गेम आहे. २०१७ चा, ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरी नावाच्या अगदी छोट्या टीमचा, नऊ जीबी जागा मागतो, आणि हाताने काढलेली चित्रं एवढी सुंदर की पहिल्या वेळी गावात उतरलो तेव्हा काहीच न करता नुसता उभा होतो. एका स्टिकवर सिटी ऑफ टिअर्समध्ये, जिथे सतत पाऊस पडतो, तिथे तो जड व्हायचा. दोन स्टिकवर १०८०पी ला बहुतेक ठिकाणी ठीक आहे, पण मी तरी व्हिडिओच्या ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन पार्टिकल इफेक्ट्स आणि ब्लर क्वालिटी दोन्ही लो केलंय. ब्लर म्हणजे पुढची-मागची झाडं-खांब धूसर दाखवतो ते, ते तसं दाखवायला चिपला बरंच काम पडतं. याशिवाय ९००पी वर आणून बघितलं, डोळ्याला फरक फार नाही. तरीही अडखळत असेल तर सरळ ७२०पी करा, १०८०पी मध्ये वीस लाखांच्या वर ठिपके असतात, ७२०पी मध्ये सव्वानऊ लाखांच्या आसपास, म्हणजे काम निम्म्याहून कमी. हार्ड डिस्कवर लोडिंगला वेळ लागतो, त्यामुळे हा एकटा गेम मी एसएसडीवर टाकलाय.

एज ऑफ एम्पायर्स २ बद्दल खूप जण विचारतात, सायबर कॅफेच्या काळापासून मनात बसलेला गेम आहे आपल्या पिढीच्या. २०१९ ची डेफिनिटिव्ह एडिशन चालते, फक्त एन्हान्स्ड ग्राफिक्स पॅक म्हणून जे वेगळं फुकट डाऊनलोड आहे ते टाकायचं नाही. कॉम्प्युटरविरुद्ध छोट्या मॅपवर मजेत चालतो, चार-सहा जणांची मोठी लढाई झाली की शेवटी शेवटी जड होतो, आणि ऑनलाईन रँक्ड खेळायचं असेल तर गेम आधी बेंचमार्क (मशीनच्या वेगाची चाचणी) घेतो, त्यात हजारचा स्कोअर लागतो. हा स्वस्त सेलमध्येच घ्या, पूर्ण किमतीला नको.

फुकटातलं पण विसरू नका. ओपनटीटीडी तर प्रत्येकाच्या पीसीवर असायलाच पाहिजे असं माझं मत आहे, १९९५ च्या ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्सवरून लोकांनी मिळून बनवलेला, कोळशाच्या खाणीपासून वीजकेंद्रापर्यंत रूळ टाकायचे, सिग्नल लावायचे, आणि सिग्नल बरोबर बसले नाहीत की सगळ्या गाड्या एकामागे एक अडकून बसतात. झीरो ए.डी. पण आहे, एज ऑफ एम्पायर्सच्या धाटणीचा, त्यात मौर्य घेऊन हत्ती घेऊन लढता येतं, मात्र सैन्य खूप वाढलं की हा पण प्रोसेसरला घाम फोडतो. एपिक हे दुसरं ऑनलाईन गेम स्टोअर दर गुरुवारी रात्री काहीतरी फुकट देतं, ते मी ब्राउझरमधूनच क्लेम करतो, लाँचर आठ जीबीच्या मशीनवर कायम उघडा ठेवायची गरज नाही.

या महिन्याची खरेदी एकच, मिनी मेट्रो. स्टेशनं जोडत रेषा ओढायच्या, गर्दी सांभाळायची, बस एवढंच, पण त्यात मुंबईचा मॅप आहे आणि रोज दादरला गाडी बदलणाऱ्या माणसाला तो खेळताना काय वाटतं ते वेगळं सांगायला नको. पाण्याखालून जायला बोगदे मोजकेच मिळतात त्यामुळे कुठली लाईन पलीकडे न्यायची याचा विचार करत बसतो. पंखा सुद्धा वाढत नाही एवढा हलका.

खरेदीची पद्धत माझी साधी आहे. आवडलेलं विशलिस्टमध्ये टाकायचं, स्टीमडीबी या वेबसाइटवर आजवरची सगळ्यात कमी किंमत बघायची, आणि त्या किमतीच्या जवळ येईपर्यंत थांबायचं, उन्हाळी आणि डिसेंबरचा सेल हे दोन मोठे. रुपयात किंमत आहे, यूपीआय चालतं, कार्डाची भानगड नाही. घेतल्यावर पहिल्या दोन तासांत मी सुरुवातीचा ट्युटोरियल सावकाश खेळत बसत नाही, जितक्या लवकर गर्दीचा, पावसाचा किंवा आगीचा सीन मिळेल तिथपर्यंत जातो, कारण स्टीमवर चौदा दिवसांत आणि दोन तासांच्या आत खेळलेला असेल तरच रिफंड मिळतो, आणि जड आहे की नाही ते अशाच सीनमध्ये कळतं. अजून विंडोज ७ वर असलेल्यांसाठी: १ जानेवारी २०२४ पासून स्टीमने ७ आणि ८ चा सपोर्ट बंद केलाय, त्यामुळे तुम्ही जीओजी या दुसऱ्या स्टोअरवर बघा, तिथून इन्स्टॉलर डाऊनलोड करून पेनड्राईव्हवर ठेवता येतो, लाँचर लागतच नाही. जुन्या गेमांचा साठा पण तिथे चांगला आहे.

पुढचं प्लॅनिंग म्हणजे जीटी १०३० ग्राफिक्स कार्ड, जुन्यात मिळालं तर. ३० वॉटचं कार्ड, वेगळी पॉवर केबल लागत नाही, आणि छोट्या कॅबिनेटसाठी लो प्रोफाईलमध्ये येतं. पण घेताना खोक्यावर जीडीडीआर५ लिहिलंय का ते वाचूनच घ्या. त्याच नावाने डीडीआर४ वालं पण विकलं जातं, त्याची बँडविड्थ (मेमरीतून सेकंदाला मिळणारा माल) १६.८ जीबी आणि जीडीडीआर५ ची ४८, म्हणजे डीडीआर४ वालं घेतलं तर आपल्या दोन स्टिकपेक्षाही कमी. दुकानदाराला विचारलं तर "एकच आहे दोन्ही" असं उत्तर मिळू शकतं, तरी खोकं मागा, खोकं नसेल तर तिथेच लावून जीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये मेमरी टाईप बघा. कार्ड आलं तर आमच्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स या कंपनीचा राजी हा गेम विशलिस्टमधून बाहेर काढणार आहे, तो आज माझ्या मशीनच्या ऐपतीबाहेर आहे. तोपर्यंत डिसेंबरच्या यादीत इनटू द ब्रीच आणि ओब्रा डिन हे दोन्ही गेम आहेत, तीनशेत एकच बसेल. ओब्रा डिन कोणी एचडी ४४०० किंवा ४६०० वर चालवला असेल तर जहाजाच्या वरच्या डेकवर फ्रेम किती राहतात आणि रॅम एक स्टिक होती की दोन, एवढं मला सांगा.