पाणी आणि खत एकदम का बदलता?

‘प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं शाळेत शिकलो, मग तुम्ही पाणी आणि खत एकदम का बदलता?’ शेतीचं संख्याशास्त्र शिकवते म्हटलं की हा प्रश्न येतोच. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

गहू घ्या. पाण्याच्या पाळ्या तीन किंवा पाच. नत्र हेक्टरी ०, ४०, ८० किंवा १२० किलो. आठ जोड्या, शेताच्या चार पट्ट्यांत (ब्लॉक) प्रत्येक एकेकदा, म्हणजे ३२ वाफे. पाच पाळ्या कायम ठेवून नुसतं नत्र बदललं आणि ‘८० किलो पुरे’ असं उत्तर आलं, तर ते पाच पाळ्यांपुरतंच खरं. ओल नसेल तर नत्र विरघळून मुळांपर्यंत पोचत नाही. तीनच पाळ्या मिळणाऱ्या शेतकऱ्यानं काय करायचं? खताचा गुण पाण्यावर अवलंबून आहे, ही आंतरक्रिया दोन्ही एकत्र बदलल्याशिवाय दिसत नाही. शिवाय तेच वाफे दोनदा कामाला येतात: नत्राच्या प्रत्येक मात्रेला आठ वाफे मिळतात. निसर्गाला एका वेळी एकच प्रश्न विचारावा हे मत साफ चूक आहे, असं इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रातल्या संख्याशास्त्रज्ञ फिशरनं १९२६ मध्येच लिहून ठेवलंय.

अडचण वेगळीच असते. पाणी छोट्या वाफ्यात कोंडून राहत नाही, शेजारी झिरपतं. म्हणून चिठ्ठ्या टाकून पाणी ठरवायचं ते मोठ्या वाफ्यांना, आणि प्रत्येकाचे चार तुकडे करून त्यांत नत्र. हा स्प्लिट प्लॉट. मानसशास्त्रातल्या मिश्र आराखड्याचा सांगाडा हाच: माणूस म्हणजे मोठा वाफा, त्याची पुन्हा पुन्हा घेतलेली मापं म्हणजे तुकडे.

एम.एस्सी.ला मी इथेच चुकले. प्रत्येक पट्टीतले आठ वाफे सुटे धरून सगळ्याला एकच एरर (वाफ्यावाफ्यांतला योगायोगाचा फरक) लावली, २१ डीएफची; डीएफ म्हणजे तो अंदाज किती स्वतंत्र तुलनांवर उभा आहे. तिथे पाण्याचा एफ (पाण्यानं पडलेला फरक एररच्या किती पट) ४.३२ च्या वर गेला की फरक खरा मानायला पुरे, माझा गेला. पण पाणी वाटलं गेलं होतं फक्त आठ मोठ्या वाफ्यांना. त्यांच्या एररला डीएफ तीनच, आणि तिथे एफ १०.१३ च्या वर लागतो. तिथवर तो पोचला नाही. ‘पाच पाळ्या द्याव्यात’ ही शिफारस मी प्रबंधातून काढली. नत्राचा आणि आंतरक्रियेचा निष्कर्ष टिकला, कारण त्यांची तुलना एकाच मोठ्या वाफ्याच्या आत होती आणि तिथल्या एररला १८ डीएफ होते.